टाचेतल्या रक्ताची तपासणी सक्तीची करावी का?

दोघांची_आई (मूळ धागा)
माझी मोठी मुलगी जन्मली तेव्हा घरात कौतुक चालायचं, "किती गुणाचं बाळ, रडतसुद्धा नाही!" दूध पिता पिता झोपायची. कावीळ तीन आठवडे हटेना, तर कोवळं ऊन दाखवा. चार-चार दिवस शी नाही, तर गुटीत हिरड्याचे वेढे वाढवा. बेंबी फुगली, त्यावर रुपयाचं नाणं बांधलं. रडणं घोगरं, तर "आजोबांचा आवाज घेतलाय". या सगळ्या एकाच आजाराच्या खुणा होत्या, हे पाचव्या महिन्यात कळलं. जन्मजात थायरॉईडची कमतरता. औषध काय, तर रोज थायरॉक्सिनची एक गोळी, चुरून आईच्या दुधात. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली तर बहुतेक मुलांच्या मेंदूची वाढ व्यवस्थित होते. माझी लेक आज आठ वर्षांची आहे आणि अजून जोडाक्षरांशी झगडतेय.

आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हे असतं. पोटात असताना आईचं हार्मोन थोडंफार मिळतं, म्हणून जन्मल्यावर बहुतेक बाळं अगदी ठणठणीत दिसतात. धाकट्याच्या वेळी याच आजाराच्या तपासणीसाठी तिसऱ्या दिवशी टाच टोचून कागदावर रक्ताचे चार थेंब घेतले. पदराखाली घेतल्यावर तो गप्पही झाला. प्रत्येक प्रसूतिगृहात हे सक्तीचं हवं, असं माझं ठाम मत आहे.

पाड्यावरची_सिस्टर
ताई, वाचून गलबलून आलं. तरीही सक्तीला माझा विरोध आहे. आमच्याकडे बाई दुसऱ्या दिवशीच घरी जायला निघते, तिथून माहेरी. फोन नवऱ्याचा, तोही रेंजबाहेर. रिपोर्ट आला तरी पाड्यावर निरोप कोण नेणार? सक्ती झाली की टाचा टोचल्या जातील, रजिस्टर भरेल आणि बाळ तसंच राहील.

त्यापेक्षा आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते, तिची नजर तयार करा. परवाच एक बाळ आलं, तीन महिन्यांचं. डोळे पिवळे, लंगोटावर शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी. पित्तनलिकाच नीट तयार झालेली नव्हती. तिचं ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर खरा उपयोग. आई म्हणाली, "पांढरी शी होती, पण वाटलं दुधाची आहे." तुमच्या चार थेंबांत हे सापडलं नसतं.

नवा_बाबा
मीही सक्तीच्या विरोधात. आमच्या बाळाचं रक्त पहिल्याच दिवशी घेतलं, कारण घरी सोडायचं होतं. अहवाल 'वाढलेला', परत या. दुसऱ्या तपासणीपर्यंतचे नऊ दिवस बायको जेवली नाही की झोपली नाही. शेवटी सगळं नॉर्मल. आधी कोणी दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर?

बालरोग_डॉक्टर
बाबा, तुमचा राग योग्य आहे. या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन बघतात. जन्मानंतर ते प्रत्येक बाळात उसळतं आणि दोन दिवसांत खाली येतं. म्हणून नमुना ४८ ते ७२ तासांत घ्यायचा. लवकर घेतला की असे खोटे इशारे वाढतात. आणि सिस्टर, बाई थांबत नसेल तर नाळेचं रक्त बाळंतपणाच्या टेबलावरच घेता येतं, थायरॉईडसाठी ते चालतं. पांढऱ्या शीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण थायरॉईडची खूण डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मी सक्तीच्या बाजूचा.

दोघांची_आई
सिस्टर, आशाताईची नजर हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या घरात रोज सहा माणसं बाळाकडे बघत होती, दर आठवड्याला डॉक्टरही, तरी कोणाला कळलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या ३० आजारांच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयदोष आहेत. थायरॉईड शेवटच्या ओळीत, सिकलसेल आणि थॅलेसेमियाबरोबर, 'ऐच्छिक' म्हणून. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

पाड्यावरची_सिस्टर
नाळेच्या रक्ताचं पटलं, ते आमच्याकडे जमेल. पण मग त्याच आदेशात हेही लिहा की रिपोर्ट वाढलेला आला तर किती दिवसांत, कोणी आणि कोणत्या गाडीने त्या घरी जायचं. ते लिहिलेलं दाखवा, मी सक्तीच्या बाजूने उभी राहते.