जॉकी पडल्यावरही घोडा पळतो, पण का?

अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकी (घोडेस्वार) पडला तरी घोडा उड्या मारत पुढे जातो, म्हणजे तो शूर आहे आणि शर्यत त्याला आवडते, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. घोडा कळपातला प्राणी आहे. बाकीचे सगळे उधळल्यासारखे धावत असताना एकट्याने मागे राहणं त्याच्या स्वभावातच नाही.

इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) मैदानावरची २०१२ ची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत आठवा. सिंक्रोनाइज्ड नावाचा घोडा त्याच वर्षीची चेल्टनम गोल्ड कप ही मोठी शर्यत जिंकून आलेला. शर्यत सुरू व्हायच्या आधीच त्याने आपला जॉकी टोनी मॅकॉयला पाडलं होतं, तरी पळवला. बेचर्स ब्रुक नावाच्या अडथळ्याला मॅकॉय पुन्हा पडला, घोडा एकटाच पुढे गेला आणि अकराव्या अडथळ्यावर त्याचा पाय मोडला. त्याला तिथेच संपवावं लागलं. याला मी धैर्य कसं म्हणू?

आणखी एक. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या पट्ट्या कित्येक वर्षं नारिंगी होत्या. घोड्याला नारिंगी आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत! पट्टी आपल्याला ठळक दिसायची, उडी मारणाऱ्याला नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर त्या पांढऱ्या केल्या.

ग्रँड नॅशनलमध्ये सुधारणा झाल्या, मान्य. अडथळ्यांचा आतला लाकडी गाभा गेला, २०२४ पासून ४० ऐवजी ३४ घोडे पळतात. पण सव्वाचार मैलांहून लांब अंतर आणि ३० उड्या अजूनही आहेत. जॉकी निदान धोका समजून खोगिरावर बसतो. घोड्याला कुणी विचारलंय?