गुळवेलीचा अर्क, हेपजी२ पेशी आणि उलटा येणारा एमटीटी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी गुळवेलीच्या खोडाचा अर्क यकृताला बाधतो का, ते तपासतेय. २०२१ मध्ये मुंबईहून सहा रुग्णांचा अहवाल आला होता, करोनाकाळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्यांचा. तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही बहीण-जात असू शकते. म्हणून खोडाची ओळख वनस्पतिशास्त्र विभागाकडून आधीच पक्की करून घेतलीय, तो प्रश्न नाही.

अडचण चाचणीत आहे. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आणलेल्या हेपजी२, म्हणजे मानवी यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या. २४ तास अर्क, मग एमटीटी (हे पिवळं द्रव्य जिवंत पेशी जांभळं करतात; जितका रंग गडद, तितक्या पेशी जिवंत). डोस वाढवावा तसं जिवंत पेशींचं प्रमाण वाढतंय, शंभर टक्क्यांच्याही बरंच वर! सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्लेटच्या त्याच खळग्यातल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या. पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवलं तरी जांभळा रंग येतो. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून (जास्त डोसला यकृताला नक्की बाधणारं म्हणून) पॅरासिटामॉल घेतलं, तेही थंडच, पेशींना काही होत नाही. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर नाही.

सर म्हणतात, "शंभरच्या वर आहे ना, मग लिही यकृताला सुरक्षित." मला पटत नाही. हेपारजी (खऱ्या यकृताच्या जास्त जवळ जाणारी पेशीजात) किंवा मानवी प्राथमिक यकृतपेशी आमच्या ऐपतीबाहेर. काय करावं?

प्रतिसाद १

जांभळं होणारच. अर्कातली पॉलिफेनॉल्स पेशींशिवायही एमटीटीचं क्षपण करतात, म्हणजे त्याला जांभळं करतात. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) धुवा, प्रत्येक डोसचा बिनपेशींचा ब्लँक ठेवा आणि जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एन्झाइम मोजणारी चाचणी) करा. ल्युसिफरेज एन्झाइमने पेशींतलं एटीपी मोजणाऱ्या किटवरही डोळे झाकून विसंबू नका, रेसव्हेराट्रॉलसारखी संयुगं ते एन्झाइमच अडवतात.

खरी गोम पॅरासिटामॉलमध्ये आहे. त्याचं विषारी रूप सीवायपी एन्झाइम्स (यकृतातली, औषधांचं चयापचय करणारी) बनवतात आणि हेपजी२ मध्ये ती अगदी कमी. म्हणजे चयापचयानंतर विषारी होणारं काहीही तुमच्या हाती लागणार नाही. कडू करांद्यातलं डायोसबल्बिन बी बघा, त्याच्या फ्युरान वलयावर सीवायपी३ए४ची क्रिया होते तेव्हा कुठे ते यकृताला लागतं. फ्युरान असलेली डायटरपीन्स गुळवेलीतही आहेत! तेव्हा एस९ (यकृतातून काढलेला, ही एन्झाइम्स असलेला अंश) आणि एनएडीपीएच (त्या एन्झाइम्सना लागणारं सहद्रव्य) घालून एक संच लावाच, फक्त एस९ पेशींवर फार वेळ ठेवू नका, दोन-तीन तास पुरे. दुसरा संच ग्लुकोजऐवजी गॅलेक्टोजच्या माध्यमात लावा. ग्लुकोज भरपूर असलं की या पेशी ग्लायकोलिसिसवर (नुसतं ग्लुकोज मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर) तग धरतात आणि मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची) इजा झाकली जाते.

आणि "सुरक्षित" हा शब्द नकोच. मुंबईच्या रुग्णांत स्वप्रतिकारी हेपॅटायटिससारखी लक्षणं होती. प्लेटमध्ये रोगप्रतिकारक पेशीच नसतात, तर ते दिसणार कुठून? सरांना सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवा, वाद तिथेच मिटेल.

धागाकर्ती

खूप आभार! उंदराच्या यकृताचं एस९ एम्स चाचणी (जिवाणूंवर केली जाणारी उत्परिवर्तनाची तपासणी) करणाऱ्यांकडे आहे, मागितलं तर देतील. ते चालेल, की मानवीच लागेल?