तुमच्या हाताला पहिले वळण कोणी दिले? (चित्र काढणाऱ्यांसाठी अनुभव धागा)

निवृत्त कलाशिक्षक, साकोली तालुका
पोळ्याच्या आदल्या दिवशी नातू बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. शिंगाच्या वळणाबरोबर त्याचा ब्रश फिरत गेला आणि मला चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा बिंदू आठवला. रझा आपल्या शेजारचेच. १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले आणि १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले. लहानपणी त्यांचे मन ठरत नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढून त्याकडे पाहत बसायला लावले होते. ते टिंब चित्रात यायला मात्र फार वर्षे लागली. आधी निसर्गचित्रे झाली, १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रात बांधणी हवी, त्यासाठी फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असे सुचवले, १९५० मध्ये ते पॅरिसला गेले आणि १९८० च्या सुमारास तो काळा गोल कॅनव्हासच्या मध्यभागी येऊन बसला.

माझ्या हाताला वळण आईच्या सारवणाने दिले. तिच्या तळहाताची अर्धवर्तुळे ओसरीवर एकात एक पडत आणि जमीन वाळल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसत. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देताना माझा हात तसाच फिरतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. आपापले सांगावे.

आरमोरीकर
आमचे आबाजी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता असे तीन पडदे म्हणजे दिवाळीपूर्वीचे दोन महिने. कापड अंगणात अंथरून, बांबूला ब्रश बांधून ते उभ्यानेच रंगवत आणि दर थोड्या वेळाने आम्हा मुलांना रस्त्यापलीकडे पिटाळून विचारत, "झाड दिसते का रे?" जवळून जे नुसते हिरवे फटकारे वाटत, ते तिथून झाड होई. गॅसबत्तीत निळा रंग मरतो, म्हणून रात्रीचे आभाळ ते ठरवून दोन हात फिके ठेवत. पुढे कलामहाविद्यालयात छायाप्रकाश शिकवला गेला तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

यवतमाळहून
फवारणीला माणसे आली आहेत, रात्री सविस्तर लिहितो. एवढेच विचारायचे होते, आबाजी रंगात काय मिसळत?

आरमोरीकर
दादा, भुकटीचा रंग आणि सरस. सरस शिजवताना असा वास सुटे की आजी चूल अंगणात मांडायला लावी. प्रमाण कमी पडले तर पडदा गुंडाळताना रंग झडतो आणि जास्त झाले तर घडीवर तडकतो.

सेलूची ताई, जिल्हा वर्धा
शाळेच्या सहलीत सेवाग्रामला बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे पाहिली होती. त्यांना वेगळा रंग नाही. भिंतीची माती तीच आणि झाडाची माती तीच, केवळ सावलीमुळे झाड दिसते. मी आठवीत होते आणि रंगपेटी घेणे घरी परवडत नव्हते. परतल्यावर मी गोठ्याच्या भिंतीवर ओल्या मातीत बैल उठवला. वडील रागावतील असे वाटले होते, पण दुसऱ्या वर्षी भिंत लिंपताना त्यांनी तेवढा बैल वगळून लिंपले. आज मी मातीकाम शिकवते.

अकोटचा वाचक
गुरुजी, रझांइतकेच चित्रकार गायतोंडे आपले आहेत. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतल्यानंतर युरोपीय चित्रकार पाउल क्लेच्या चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, हळूहळू मानवाकृती गळत गेल्या, झेन विचार आला आणि शेवटी उरला तो रोलरने व सुरीने चढवलेला, खरवडलेला रंग. दिल्लीत त्यांचे चित्र पाहिले तेव्हा मला आमची माजघराची भिंत आठवली. तिला दर दिवाळीला वेगळ्या रंगाचा चुना दिला जाई आणि पोपडा निघाला की आत निळा, त्याच्या आत पिवळा दिसे. मी त्या चित्रासमोर इतका वेळ उभा होतो की सोबतचे लोक पुढे निघून गेले.

धानोऱ्याची विद्यार्थिनी
मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करते आहे. माझे चित्र आमच्या सरांसारखे दिसते, असे सगळे म्हणतात. ते वाईट आहे का?

निवृत्त कलाशिक्षक, साकोली तालुका
बेटा, अजिबात नाही. सरांची रेघ गिरव, पण रोज एक चित्र त्यांनी कधी न काढलेल्या वस्तूचे काढ. घरातली पाटी, विळा, टोपली, काहीही चालेल. तिथे त्यांचा हात तुझ्या मदतीला येणार नाही. आरमोरीकर, आबाजींचा एखादा पडदा उरला आहे का?

आरमोरीकर
जंगलाचा अर्धा उरला आहे, बाकीचा उंदरांनी खाल्ला. माळ्यावर आहे. भाऊ रविवारी येतो आहे, तेव्हा दोघे मिळून उतरवू आणि रस्त्यापलीकडून फोटो काढून इथे टाकतो.