मधल्या टाकीतले इंधन आधी का वापरले जाते?

प्रश्न :
जेट प्रवासी विमानात इंधन दोन्ही पंखांत आणि धडाच्या तळाशी असलेल्या मधल्या टाकीत साठवले जाते, आणि उड्डाणात मधली टाकी आधी रिकामी होते, असे वाचनात आले. इंजिने पंखांखालीच असताना त्यांच्या लगतचे इंधन शेवटपर्यंत का राखून ठेवतात? शिवाय सगळ्या टाक्यांचे पंप एकाच वेळी चालू असतील, तर कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे हे कोण ठरवते?

उत्तर १ :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनात नसून पंखाच्या बांधणीत आहे. हवेत असताना उचल (विमानाला वर तोलून धरणारे हवेचे बल) पंखभर वर ढकलत असते, तर प्रवासी आणि सामान यांचे वजन मधोमध धडात असते. त्यामुळे पंख वर वाकू पाहतात आणि सर्वाधिक ताण पंख धडाला जिथे जोडलेला असतो तिथे येतो. पंखातल्या इंधनाचे वजन त्या उचलीच्या विरुद्ध काम करते व हा ताण घटवते. मधल्या टाकीतले इंधन मात्र धडाच्याच वजनात भर घालते. म्हणून भरताना आधी पंख आणि वापरताना आधी मधली टाकी, असा उलटा क्रम असतो. इंधन वगळून विमानाचे वजन किती असावे याला वेगळी कमाल मर्यादा असते, तीही याच कारणाने.

दुसऱ्या प्रश्नाबाबत बोइंग ७३७ची रचना मला विशेष देखणी वाटते. तिथे मधल्या टाकीचे पंप पंखांतल्या पंपांपेक्षा अधिक दाब देतात. सगळे पंप चालू असले तरी नळीतल्या या जास्त दाबामुळे पंखांकडच्या एकदिशा झडपा बंदच राहतात; मधली टाकी संपून दाब उतरला की त्या आपोआप उघडतात आणि इंजिनाचा पुरवठा खंडित होत नाही. वैमानिकाला फक्त रिकाम्या टाकीचे पंप बंद करावे लागतात.

उत्तर २ :
वरील वर्णन सर्व विमानांना लागू नाही. एअरबस ए३२१मध्ये मधल्या टाकीतले इंधन थेट इंजिनाकडे न जाता आधी पंखांतल्या टाक्यांत ओढले जाते आणि तिथून पुढे जाते. क्रम तोच, मार्ग वेगळा.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. एक इंजिन बंद पडल्यास एकाच पंखातले इंधन खर्च होत राहील. तेव्हा तोल कसा सांभाळतात?

उत्तर १ :
त्यासाठी डाव्या व उजव्या बाजूंना जोडणारी क्रॉसफीड झडप असते. ती उघडून जड बाजूच्या टाकीतून चालू इंजिनाला इंधन देता येते. मात्र ती उघडण्यापूर्वी असमतोल नेमका कशामुळे झाला हे पाहणे अत्यावश्यक असते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅट या विमान कंपनीच्या एअरबस ए३३०मध्ये उजव्या इंजिनाजवळ गळती होती. वैमानिकांनी तो साधा असमतोल समजून क्रॉसफीड उघडली आणि डाव्या पंखातले चांगले इंधनही गळत्या बाजूने वाहून गेले. अटलांटिकवर दोन्ही इंजिने बंद पडली. विमान तरंगत अझोर्स बेटांवरील लाजेस विमानतळावर उतरले आणि सर्व ३०६ जण वाचले. असमतोलाच्या लेखी कार्यसूचीत गळतीची शंका असल्यास काय करावे याची सूचना होती, परंतु ती कृती त्या वेळी आठवणीतून केली गेली होती.