कार्यालयातील लहान मत्स्यपेटीत वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर हवे का?

पाणगवत :
कार्यालयात ३० ते ४० लिटरची मत्स्यपेटी ठेवून तीत वनस्पती लावायच्या म्हटले की प्रखर एलईडी दिवा आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ही जोडी हमखास सुचवली जाते. माझ्या मते कार्यालयात दोन्ही टाळावीत. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असतो, तर सिलिंडर जोडलेल्या पेटीत तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. प्रकाश वाढला की वनस्पतीची कार्बनची गरज वाढते. ती भागली नाही तर वाढ खुंटते आणि उरलेला प्रकाश शेवाळाच्या पथ्यावर पडतो. म्हणून कार्बन वाढवत बसण्यापेक्षा प्रकाश आवरणे हाच कार्यालयाला झेपणारा मार्ग आहे. मध्यम दिवा टायमरवर रोज सहा-सात तास चालू ठेवावा आणि अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशा सावकाश वाढणाऱ्या वनस्पती लावाव्यात. यांपैकी पहिल्या दोहोंचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते; त्या दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधाव्यात.

मृदगंध :
प्रकाशाचा मुद्दा मान्य आहे, परंतु केवळ सावकाश वाढणाऱ्या वनस्पतींनी पेटी भरावी हे पटत नाही. माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या पेटीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनिया झपाट्याने शोषून घेणारी हायग्रोफिला किंवा हॉर्नवर्ट अशी जलद वाढणारी वनस्पती पेटीत हवीच, कारण अनुबियासला त्या अवधीत जेमतेम एखाद-दोन पाने फुटतात आणि जुन्या पानांवर बसलेले शेवाळ सहजी निघत नाही. वायू जास्त होऊन मासे गुदमरतील ही सिलिंडरची भीतीही मला अवाजवी वाटते. सोलेनॉइड झडप, म्हणजे वीज असेतोवरच उघडी राहणारी झडप, दिव्याच्याच टायमरवर लावली की वीज जाताच वायू बंद होतो, आणि ड्रॉप चेकर या पेटीत लावायच्या दर्शक कुपीमधला द्रव निळा, हिरवा की पिवळा यावरून वायू कमी, योग्य की जास्त हे येताजाता कोणालाही कळते. जी पेटी माणसे दिवसभर पाहणार आहेत तीत प्रखर प्रकाश व भरपूर कार्बन मागणारी तजेलदार, लालसर रोटाला ही वनस्पती असावी ही अपेक्षा गैर नाही.

तळ्याकाठी :
ड्रॉप चेकरचा रंग पालटायला तास-दोन तास लागतात. म्हणजे तो आत्ताची नव्हे, मघाची स्थिती दाखवतो. शनिवार-रविवारी तो पिवळा झाला आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले, तर पाहणार कोण?

शिवाय मला याहून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट दोघांच्याही लिहिण्यात आलेली नाही. पुष्कळ इमारतींत सुटीच्या आदल्या संध्याकाळी मुख्य स्विचच बंद केला जातो. दोन दिवसांचा अंधार वनस्पती निभावून नेतात. शेवाळ हटवण्यासाठी लोक मुद्दाम तीन दिवस पेटी झाकून ठेवतातच. पण बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरतात आणि सोमवारी तेच सडके पाणी पेटीत येते. वातानुकूलन बंद असल्याने उन्हाळ्यात पाणीही तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तेव्हा कधीही बंद न होणारा विजेचा एक स्वतंत्र बिंदू मिळाल्याखेरीज पेटी ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणगवत :
विजेच्या बिंदूबद्दल पूर्ण सहमत. जलद वाढणाऱ्या वनस्पतींच्या मुद्द्यातही तथ्य आहे, मात्र त्यासाठी सिलिंडर लागत नाही. तरंगत्या वनस्पती कार्बन थेट हवेतून घेतात, अमोनिया शोषतात आणि खालच्या अनुबियासवर सावलीही धरतात. त्यांची छाटणी मात्र नाल्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नये. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी यांचे काय केले ते आपण पाहतोच. छाटणी वाळवून कुंड्यांत खत म्हणून घालावी.

वनस्पती रोगट दिसल्यावर सिलिंडर शोधण्याआधी तिची पाने नीट पाहावीत. माशांच्या खाद्यातून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतो, पण पोटॅशियम आणि लोह बहुधा अपुरे पडते. जुन्या पानांना टाचणीएवढी छिद्रे पडली तर पोटॅशियमची आणि नवी पाने पिवळी निघाली तर लोहाची कमतरता बहुधा असते. द्रवखताच्या अल्प मात्रेने ती भरून निघते. क्रिप्टोकोरीन तर रोपवाटिकेत बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असते, त्यामुळे पेटीत आल्यावर तिची पाने विरघळतात. लोक ती मेली समजून उपटून टाकतात याचे फार वाईट वाटते, कारण मुळे जिवंत असतात आणि काही आठवड्यांत नवी पाने येतात.

मृदगंध :
तरंगत्या वनस्पतींचा उपाय चांगला आहे, परंतु त्यांच्या दाट सावलीत रोटाला तग धरणार नाही. जिथे सुटीच्या दिवशीही जबाबदार माणूस पेटीकडे पाहणार आहे, तिथे मी सिलिंडरच सुचवेन.