बहुविकलांग मुलाला कानाचं मशीन लावावं का? (सल्ला हवा आहे)

अबोली_शांत
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मुलगा साडेतीन वर्षांचा. जन्मानंतर कावीळ फार चढली, त्यातून सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही). मान अजून धरत नाही, फिट्सची औषधं चालू आहेत, नजर कमी आहे. बेरा (आवाज दिल्यावर नस आणि मेंदूत उमटणारी लाट मोजणारी टेस्ट) दोनदा झाली. ९० डेसिबलपर्यंत आवाज देऊनही दोन्ही कानांत लाट आली नाही, म्हणून रिपोर्टमध्ये 'अतितीव्र श्रवणदोष'. एका डॉक्टरांनी जास्तीत जास्त ताकदीचं मशीन सांगितलं. दुसरे म्हणाले, "हा बोलणार नाही, बसणार नाही, मशीन लावून काय साधणार?" तेव्हापासून झोप लागत नाही. कारण कधीकधी मी शेजारी नुसती गुणगुणले तरी तो बाटली चोखायचा थांबतो. आणि कधी भांडं आपटलं तरी ढिम्म.

पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत: मशीनची साधी जोडी, नाहीतर मान-पाठीला आधार देणारी खुर्ची. कर्ज काढायचं नाही हे ठरलंय. मशीन खरंच लागेल का, एवढंच सांगा.

चैतन्य_७
आम्ही सासऱ्यांना गेल्या वर्षी घेतलं. सगळ्यात वरचं मॉडेल, रिचार्जेबल, ब्लूटूथ, फोन थेट कानात. एकदाच घ्या पण चांगलं घ्या. स्वस्तातलं घेऊन पस्तावलेले खूप पाहिलेत.

मोरपीस
अहो, त्यांनी बजेट लिहिलंय वर. आणि साडेतीन वर्षांचं मूल कुणाचा फोन घेणार आहे?

अबोली, माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, मशीन तीन वर्षं लावतोय. दुकानात कुणी सांगत नाही ते सांगते: मूल वाढतं तसा कान वाढतो, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा, मापाने केलेला भाग) सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते. मग नवीन मोल्ड. लहानपणी हे दर काही महिन्यांनी. तो खर्च आत्ताच धरा. आणि आधी टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का बघायची टेस्ट) झाली का बघा. आमच्याकडे पडद्यामागे पाणी होतं, सहा महिने मशीनला दोष देत बसलो.

वैतागलेला_बाबा
आमची जोडी कपाटात पडून आहे. लावलं की मुलगा ओढून काढायचा, काढलं की चावायचा. एकदा सेल तोंडात सापडला, नशीब गिळला नव्हता. घरात त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी मीच डबी बंद केली. तो मजेत आहे. तुम्ही खुर्ची घ्या.

मोरपीस
सेलच्या झाकणाला कुलूप असलेली मशीन येतात, लहान मुलांसाठी तीच घ्यायची असतात. तुम्हाला दिली नाहीत म्हणजे देणाऱ्याची चूक. (कुणाही मुलाने सेल गिळला तर वाट बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. अवांतर आहे पण लिहिलंच पाहिजे.)

वैतागलेला_बाबा
चूक कुणाचीही असो, पैसे माझे गेले.

टिंब_टिंब
९० ला लाट नाही म्हणजे मशीनचा उपयोगच नाही. थेट कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानाच्या आत बसवतात ते यंत्र). माझ्या भाच्याचं झालं, आज तो कविता म्हणतो.

खडूस_काका
भाच्याला सीपी होती का? फिट्स येत होत्या का? नजर कमी होती का? नाही ना? मग मूकबधिर मुलाची कविता इथे कशाला ऐकवता?

निळाई
'मूकबधिर' म्हणू नका, कृपया. मी स्वतः कर्णबधिर आहे आणि मुकी अजिबात नाही, विचारा माझ्या नवऱ्याला.

खडूस_काका
आमच्या वेळी हाच शब्द होता. बरं, कर्णबधिर. पण शब्द बदलून कान सुधारत नाहीत.

निळाई
कान सुधारायला इथे कोण आलंय? अबोली, मशीनच्या आधी भाषेचं बघा. मला लहानपणी सहा वर्षं फक्त 'ऐक, ऐक' केलं आणि खुणा करायला बंदी. हातात भाषा उशिरा आली, त्याचा राग अजून आहे.

अबोली_शांत
निळाई, त्याला हातभर अंतरावरचं जेमतेम दिसतं. खुणा कशा दाखवू?

निळाई
दाखवू नका, लावून द्या. त्याच्या अंगावर. उचलायच्या आधी दोन्ही बगलांना हलका दाब, दर वेळी तसाच, मग थांबायचं. अंघोळीआधी ओला रुमाल हातात. एका गोष्टीची एकच खूण आणि घरातल्या सगळ्यांची सारखी. याला मशीन लागत नाही आणि मशीन आलं तरी हे बंद करायचं नसतं.

टिंब_टिंब
इम्प्लांटबद्दल कुणी बोलतच नाहीये.

ध्वनिलहर
मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. फाईल पाहिल्याशिवाय सल्ला देत नाही, पण इथे 'जास्तीत जास्त ताकदीचं मशीन' वाचून राहवलं नाही.

कावीळ फार चढलेली, बेरा सपाट आणि तरी गुणगुणण्याला प्रतिसाद. हे तिन्ही एकत्र आलं की पहिला प्रश्न ऑडिटरी न्यूरोपथीचा. यात कानाच्या आतल्या केसपेशी काम करत असू शकतात, पण नसेतून जाणारे संदेश एका तालात जात नाहीत. बेराची लाट उमटते ती या तालावर. ताल बिघडला की रेघ सपाट येते, मग ऐकू ३० डेसिबलला येत असो की ९० ला. म्हणजे अशा मुलाची सपाट बेरा 'किती ऐकू येतं' याचं उत्तरच देत नाही. एक दिवस बरं आणि एक दिवस काहीच नाही, हेही यात दिसतं.

तेव्हा दोन गोष्टी विचारा. ओएई (केसपेशींकडून परत येणारा बारीक आवाज मोजणारी टेस्ट) झाली होती का? आणि बेरा करताना क्लिकची दिशा उलटी करून कॉक्लिअर मायक्रोफोनिक (केसपेशींचा विद्युत संकेत, क्लिक उलटली की तोही उलटतो) पाहिलं होतं का? ओएई नसली तरी न्यूरोपथी नाही असं होत नाही. ओएई काळाने जाऊ शकते आणि पडद्यामागे पाणी असेल तरीही येत नाही. मोरपीस यांची टिंपॅनोमेट्री म्हणून आधी.

चैतन्य_७
छान माहिती. म्हणूनच म्हटलं, चांगल्या कंपनीचं घ्या.

अबोली_शांत
रिपोर्ट शोधला. ओएई 'अनुपस्थित' लिहिलंय. दुसऱ्याचा उल्लेखच नाही. मग त्याला किती ऐकू येतं हे कळणार कसं? तो मान वळवत नाही. दिव्याची बाहुली दाखवून करतात ती टेस्ट दोनदा फसली.

ध्वनिलहर
फसणारच. त्या टेस्टला मान वळावी लागते आणि बाहुली दिसावी लागते. त्याची मान वळण्याची वाट बघू नका, तो थांबतो का ते बघा. चोखणं थांबणं, श्वास रोखणं, डोळे मोठे होणं, हातपाय स्थिर होणं हाच त्याचा प्रतिसाद. तुम्ही तो आधीच टिपलाय.

घरी वही करा. तो जागा, शांत, पोट भरलेला असताना, फिट येऊन गेल्यावर लगेच नाही. आवाज त्याच्या नजरेबाहेरून, त्याला किंवा पलंगाला न शिवता. दार आपटू नका, त्याने वारा येतो आणि जमीन थरथरते, मूल त्यालाच दचकतं. एक आवाज, मग पंधरा सेकंद गप्प. सीपीच्या मुलांचा प्रतिसाद उशिरा येतो, आपण घाईने दुसरा आवाज करून तो पुसून टाकतो. आणि काही वेळा आवाज न करताच पंधरा सेकंद बघा, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसतं.

वैतागलेला_बाबा
आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही.

खडूस_काका
+१. शेवटची ओळ नवरा-बायकोच्या संभाषणालाही लागू. असो.

मोरपीस
अबोली, विकत घेण्याआधी ट्रायलसाठी उसनी जोडी मिळते का विचारा. आणि दोन्ही कानांना लावा, एका कानाने दिशा कळत नाही.

टिंब_टिंब
दोन्ही कानांना. +१

चैतन्य_७
दोन्ही. सासऱ्यांनाही दोन्ही.

ध्वनिलहर
ट्रायल तीन महिने तरी. आवाज कमी पातळीवरून सुरू करून वहीप्रमाणे वाढवत न्यायचा, बेराच्या आकड्याप्रमाणे नाही. ज्या मुलाला थोडंफार ऐकू येतं त्याच्या कानात पूर्ण ताकदीचं मशीन म्हणजे शिक्षा. तो रडेल आणि सगळे म्हणतील, 'बघा, त्याला मशीन आवडत नाही.' मशीनने भागलं नाही तर इम्प्लांटचा विचार न्यूरोपथीतही होतो, टिंब_टिंब, पण तो नंतरचा टप्पा. आणि हो, सर्वसाधारणपणे मीही दोन्ही कान म्हणेन.

अबोली_शांत
अडीच महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. मध्ये फिट्स वाढल्या होत्या.

बेरा परत केली, मायक्रोफोनिक दोन्ही कानांत आलं. म्हणजे न्यूरोपथीच. पैशांची खुर्ची घेतली. मशीन एका संस्थेकडून उसनी मिळाली, दोन दिली होती, मी एकच लावते, डाव्या कानाला. तुम्ही सगळ्यांनी दोन सांगितली होती हे माहीत आहे. पण त्याची मान उजवीकडेच कलते, खुर्चीतही. उजवा कान आधाराला टेकला की शिट्टी सुरू, शिट्टीने तो आखडतो आणि मग डाव्या कानाचंही काढावं लागतं. भांडत बसण्यापेक्षा एक कान दिवसाचे चार तास.

वहीत सांगण्यासारखं एकच. पूर्वी त्याला उचलायला हात लावला की तो दर वेळी दचकायचा, सगळं अंग ताठ. कुठून हात येतोय ते दिसत नाही, ऐकू येत नाही, दचकणारच. आता मी डावीकडून नाव घेते, मग निळाईंचा बगलेचा दाब, मग थांबते. गेल्या आठवड्यात मशीन असताना एकवीस वेळा उचलला, सहा वेळाच दचकला. नसताना दाब तोच, तरी अजून बहुतेक वेळा दचकतो. बोलणं वगैरे काही नाही.

निळाई
एकवीस वेळा मोजलंत!

ध्वनिलहर
वही फिटिंगला घेऊन जा. माझ्या मशीनपेक्षा चांगलं मोजमाप आहे ते. उजव्या कानाचा विषय मी सोडलेला नाही. मऊ मोल्ड आणि खुर्चीचा आधार कानामागे कापून घेणं, दोन्ही करून बघा.

वैतागलेला_बाबा
डबी उघडली आज. सेल संपलेत अर्थातच. कुणाला द्यायची असेल तर चालते का ही जोडी?

ध्वनिलहर
चालेल, पण नवीन मुलाचे मोल्ड आणि प्रोग्रामिंग करूनच. तशीच्या तशी लावू नका. आणि देण्याआधी तुमच्याच मुलावर कमी आवाजात एकदा बघा ना.

वैतागलेला_बाबा
बघतो.

चैतन्य_७
रिचार्जेबल असती तर सेलचा प्रश्नच आला नसता.