सगळ्या देशाला एकच आरोग्य विमा: करावा का?

गोदाकाठी (नाशिकरोड)

आपल्याकडचा आरोग्य विमा म्हणजे गोधडी आहे. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), केंद्राच्या नोकरांना सीजीएचएस (त्यांची वेगळी आरोग्य योजना), आयटीतल्या पोरांना कंपनीची ग्रुप पॉलिसी, बाकीच्यांना महात्मा फुले योजना आणि आयुष्मान या सरकारी योजना. ज्याला यातला कुठलाच तुकडा पुरत नाही तो पदरमोड करून मेडिक्लेम भरतो. प्रत्येकाचे नियम वेगळे, पॅनेल (योजनेला जोडलेली हॉस्पिटलं) वेगळं, कार्ड वेगळं. माझं म्हणणं असं की हे सगळं एकत्र करून देशभर एकच सक्तीचा विमा करावा. कमावणाऱ्याने उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरावी, ज्याची ऐपत नाही त्याची सरकारने भरावी.

सक्ती कशाला, असं लगेच विचारलं जाईल. कारण धडधाकट माणूस विमा घेत नाही आणि दुखणं लागलं की धावत येतो. असे दुखणेकरीच जमा झाले की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की उरलेसुरले धडधाकटही बाहेर पडतात. सगळे आत असतील तरच हे गणित बसतं. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांपासून सुरुवात केली ती याच हिशेबाने.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातले सुमारे ३० टक्के लोक, म्हणजे ४० कोटींच्या आसपास, मधल्यामध्ये राहिलेले दाखवलेत. सरकारी योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत आणि खासगी विमा घेण्याइतकी ऐपत नाही. महाराष्ट्राने १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न बघता महात्मा फुले योजनेतलं दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेलं, ही चांगली गोष्ट आहे. पण कार्डावर पाच लाख असले तरी आजार यादीत बसला पाहिजे, हॉस्पिटल पॅनेलवर पाहिजे आणि मंजुरी वेळेत आली पाहिजे. नाही तर आकडा कार्डावरच राहतो.

बोला. शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त मुद्द्यावर घाला.

सावळघाट

शिव्या नाही घालत साहेब, पण तुम्ही गाडीच्या आधी टायरचा विमा काढताय.

मी नाशिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा या आदिवासी पट्ट्यात आरोग्य खात्यात काम केलंय. तिथल्या बाईचं बाळ आडवं असेल तर तिला कार्डाचा काय उपयोग? सिझर करायला सर्जन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं. यातलं एक जरी नसलं तरी १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि घाट ओलांडून नाशिकचं सिव्हिल गाठायचं. पावसाळ्यात तो रस्ता ज्याने रात्री केलाय त्याला विचारा. विमा हे बिल चुकवायचं साधन आहे. जिथे बिल करणाराच नाही तिथे चुकवणार काय?

राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१७ साली लिहून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनसुद्धा, तो १.८४ टक्के होता. आधी ती पोकळी भरा. विम्याचा पैसा शेवटी जातो कुठे? नाशिक शहरात मुंबई नाक्यापासून कॉलेज रोडपर्यंतच्या खासगी हॉस्पिटलांत. हरसूलसारख्या आदिवासी गावाला नाही जात.

सिडकोतला डॉक्टर

पंधरा खाटांचं छोटं हॉस्पिटल चालवतो, त्यामुळे माझं हित यात गुंतलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो.

वरच्या दोघांनीही एक गोष्ट धरलेली नाही. सगळ्या देशाचा एकच विमा म्हणजे हॉस्पिटलांना एकच गिऱ्हाईक. दर तो ठरवणार, पैसे कधी द्यायचे तेही तोच ठरवणार. आजच्या योजनेत पॅकेज ठरलेलं असतं. त्यात ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञाची फी, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं गाडीभाडंसुद्धा. भूलतज्ज्ञ मला पॅकेजचा दर बघून फी कमी लावत नाही. मग रिपोर्ट अपलोड करा, फोटो अपलोड करा, क्वेरी आली की उत्तर द्या, परत क्वेरी. माझ्याकडची एक मुलगी दिवसभर फक्त हेच करते आणि तिचा पगार कुठल्याच पॅकेजात धरलेला नाही.

आज निदान कॅश पेशंट आणि मेडिक्लेमचे पेशंट आहेत म्हणून योजनेतले पेशंट निभावतात. उद्या सगळेच एका दरावर आले तर दोन गोष्टी होतील. मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं घाऊक भावात तगतील आणि आमच्यासारखी गल्लीतली बंद पडतील. नाही तर सगळे मिळून नको त्या तपासण्या लावायला शिकतील. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

सातपूरकर

डॉक्टरसाहेब, तिसरा मार्ग आमच्याकडे १९५२ पासून आहे, फक्त त्याच्याकडे कोणी बघत नाही.

ईएसआय. माझ्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, कंपनी ३.२५ टक्के भरते. एकूण चार टक्के. त्यात मी, बायको, पोरं आणि आई-वडील. सर्दी-तापाची ओपीडी आली, गोळ्या आल्या, ऑपरेशन आलं. आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते म्हणजे आजारी रजेत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पाच लाखाच्या कार्डात हे आहे का? रोजंदारीवाला माणूस टायफॉइडने पंधरा दिवस झोपला की हॉस्पिटलच्या बिलाआधी घरातला किराणा संपतो.

आता खोट सांगतो. मर्यादा २१,००० रुपये पगाराची, २०१७ पासून तिथेच अडकलेली. आमच्या शॉपमधल्या पोराला बढती मिळाली, पगार २१,६०० झाला आणि वर्गणीची चालू मुदत संपल्यावर ईएसआयमधून बाहेर. वाढ मिळाली सहाशे-सातशेची आणि तेवढ्यासाठी घरच्या पाच माणसांचं औषधपाणी गेलं. अंबड-सातपूरला कोणालाही विचारा, असा एक तरी सापडेल. बढती नको म्हणणारे पण आहेत!

गोदाकाठी

सातपूरकर, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. ही मर्यादा काढून टाकली आणि ईएसआयचं दार सगळ्यांना उघडलं की झाला ना राष्ट्रीय विमा.

सावळघाट, तुमच्याशी मात्र भांडायचंय. विमा आणि सरकारी दवाखाना ही दोन टोकं आहेत असं तुम्ही धरताय. थायलंडने २००२ साली सगळ्यांना संरक्षण दिलं, एका भेटीला ३० बात फी. पण पैसे नुसते ऑपरेशनच्या बिलामागे वाटले नाहीत. एका तालुक्यात जितकी माणसं नोंदलेली, माणशी इतके पैसे, तिथल्या जिल्हा-तालुका रुग्णालयाला आगाऊ. म्हणजे जिथे माणसं राहतात तिथे पैसा जातो. असं झालं तर सुरगाण्याचा पैसा सुरगाण्याला मिळेल, कॉलेज रोडला नाही.

सावळघाट

थायलंडमध्ये त्याआधी कित्येक वर्षं तालुका रुग्णालयं बांधून झाली होती आणि डॉक्टरला गावात सेवा करणं बंधनकारक केलं होतं. ते अर्धं वाक्य तुम्ही खाल्लंत. माणशी पैसे आगाऊ पाठवाल हो, पण जागा रिकामी असेल तर ते पैसे मार्चअखेर परत जाणार. आणि तुमचं जर्मनी. तिथे आज पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडे अधिक जातात, मालक-नोकर अर्धे अर्धे. नाशिकमध्ये किती जण हो म्हणतील?

निफाडचा बागायतदार

बरोबर प्रश्न. पगारदाराचं कापता येतं, आमचं कसं कापणार? द्राक्षाला एका वर्षी भाव मिळतो, दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत अवकाळी येतो आणि मणी तडकतात. त्या वर्षी उत्पन्नाच्या किती टक्के? शून्याचे टक्के काढून दाखवा. मग होणार काय, की शेतकऱ्याची, पानटपरीवाल्याची, रिक्षावाल्याची वर्गणी सरकार भरणार, म्हणजे पुन्हा करातून. नावाला वर्गणी, खरा बोजा पगारदारावर.

दुसरं, फुकट वाटलं की काय होतं ते पीक विम्यात बघितलंय. खरीप २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला. देवस्थानाच्या जमिनीवर विमे, पीकच नाही तिथे विमे. २०२५ ला योजना गुंडाळावी लागली. ज्याचं खरंच नुकसान झालं तो पंचनाम्याच्या रांगेत उभा राहिला.

मेडिक्लेमवाली

दुजोरा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मानचे साधारण साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले निघाले. ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ दाबून नोंदणी. आणि अशा यंत्रणेकडे मी माझा विमा सक्तीने सोपवू?

मी विम्याचंच काम करते, म्हणून सांगते. खासगी विमा धुतल्या तांदळासारखा नाही, पण तो सुधारतोय. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण मिळेपर्यंत वाट पाहायची मुदत चार वर्षांची तीन केली. पाच वर्षं हप्ते सलग भरले की, फसवणूक सोडून, जुनी माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसला एका तासात होकार-नकार आणि डिस्चार्जला तीन तासांत मंजुरी हा २०२४ चा नियम आहे. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला. क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. हे सगळं ग्राहकाला दुसरीकडे जायची मोकळीक आहे म्हणून चालतं. एकच सरकारी विमा झाला की रुसून जाणार कुठे?

सिडकोतला डॉक्टर

ताई, तीन तासांच्या नियमाबद्दल एवढंच सांगतो की दुपारी दोनला फाइल पाठवलेले पेशंट रात्री जेवून गेलेत माझ्याकडून.

पंचवटीची सून

सगळं वाचलं. सगळे ऑपरेशनवरच भांडताय.

सासूबाईंना डायबेटीस आणि बीपी. दोन गोळ्या सकाळी, एक दुपारी, दोन रात्री, शिवाय दर तीन महिन्यांनी रक्त. त्यांचं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड कपाटात आहे, गेल्या वर्षी काढलं. एकदाही वापरायची वेळ आली नाही आणि येऊ नये. पण औषधाचं बिल दर महिन्याला येतंच. त्यातला एक पैसा त्या पाच लाखांतून येत नाही, कारण त्या ॲडमिट नाहीत. उद्या गोळ्या परवडेनात म्हणून बंद केल्या आणि किडनी गेली, की मग डायलिसिसला कार्ड चालेल. हा कुठला हिशेब?

आम्ही जनऔषधीतून, म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, घ्यायला लागलो तेव्हा बिल बरंच खाली आलं. पण सगळ्या गोळ्या तिथे दर वेळी मिळत नाहीत, आणि डॉक्टर लिहितात कंपनीच्या नावाने. फरक आम्हीच शोधायचा.

आणि एक. ओळखीत एकांना नुसत्या तपासण्यांसाठी एक रात्र ॲडमिट व्हायला सांगितलं, कारण पॉलिसीत तरच बसतं. बेड अडला, विम्याचे पैसे गेले, माणूस सलाइन लावून टीव्ही बघत बसला. विमाच असा लिहिलाय की माणूस झोपल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

सावळघाट

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. म्हणून म्हणतो, उपकेंद्रावर आणि पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गोळ्या भरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या फुकट केल्याच आहेत. त्याला विमा कंपनी लागली नाही, टीपीए (क्लेम हाताळणारा मधला) लागला नाही.

पंचवटीची सून

लागली नाही, खरंय. पण सिव्हिलला सकाळी केसपेपर काढून ओपीडीत नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. सासूबाईंना धरून मीच नेणार, म्हणजे माझी एक हजेरी बुडते. फुकट कोणाला पडतं ते?

गोदाकाठी

माझं मत बदललेलं नाही, पण क्रम लावतो. एकच विमा झाला तर त्यात पहिला खर्च ओपीडी आणि गोळ्यांचा असला पाहिजे, ऑपरेशन नंतर. पाच लाखाचे दहा लाख करा अशी मागणी कोणी केली तर मी विरोध करीन. तोच वाढीव पैसा माणशी दरसाल ठरवून जवळच्या दवाखान्याला द्यावा, मग तो सरकारी असो की सिडकोतल्या डॉक्टरांचा.

सिडकोतला डॉक्टर

माणशी ठरावीक पैसे मला चालतील. मग पेशंट निरोगी ठेवण्यात माझा फायदा. पण हजार माणसं माझ्याकडे नोंदली आणि त्यातली चारशे डायबेटीसची निघाली, तर दर तोच का? वय आणि आजार बघून दर लावणार असाल तर बोलू. आणि महिन्याच्या महिन्याला द्या, सहा-सहा महिने थकवू नका.

निफाडचा बागायतदार

पैसा आणणार कुठून ते अजून कोणी बोललं नाही.

सातपूरकर

बोलतो. सिगारेट, गुटखा, दारूवर जो कर आहे त्यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढा. ईएसआयची २१,००० ची मर्यादा उठवा, म्हणजे जास्त पगारवालेसुद्धा वर्गणी भरतील. आणि ज्यांचा पगार नाही त्यांना वर्षाची एक ठरीव रक्कम भरून आत येऊ द्या, द्राक्षाच्या पैशाच्या वेळी भरा नाही तर कांद्याच्या. अवकाळीच्या वर्षी माफ.

बागायतदार भाऊ, तुमच्याकडे हंगामाला शंभर मजूर येतात, पेठ-सुरगाण्याकडूनच. त्यांची वर्गणी कोण भरणार, तुम्ही की सरकार? आधी याचं उत्तर द्या, मग माझ्या पगारावरच्या बोज्याबद्दल बोलू.